स्टँडवरची पक्की बातमी

प्रिय दिना,

पत्र बघून आधी दचकशील आणि मग हसशील. पप्पा आणि पत्र! तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करायची तरी मी पेन शोधत घरभर फिरायचो. पण फोनवर आपलं बोलणं आता ठरून गेलं आहे. मी विचारतो, प्रॅक्टिस काय म्हणते. तू म्हणतेस, चालू आहे. मग दोघांपैकी कुणीतरी म्हणतं की रेंज बरोबर नाही, आणि दोघांचीही सुटका होते. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला बसलो होतो. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. तुला तिकडे बराच वेळ माझं 'टायपिंग' दिसत राहिलं असेल आणि शेवटी आला असेल तो नुसता एक अंगठा. म्हणून म्हटलं, कागद बरा, कागदावर खोडलेलं तरी तुला दिसेल. हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, भाविकाच्या हाती देतोय. हॉस्टेलच्या पत्त्यावर टाकलं नाही. का, ते पुढे येईलच.

घरचं सगळं बरं आहे. आईचा गुडघा थंडीत धरला होता, आता अंगणवाडीत चालत जाते आणि येताना चालत येते, रिक्षात बस म्हटलं तर भाडं किती घेणार विचारते. आपल्या घरामागच्या शेतात शेवटी गोडाऊन उभं राहिलं. भिंत इतकी उंच आहे की संध्याकाळचं ऊन आता ओट्यावर येत नाही, वाळवण टाकायला आई विहारासमोर जाते. शाळेमागचं मैदान मात्र अजून आहे. परवा तिथे बारकी पोरं खेळत होती आणि त्यातली एक मुलगी डाव्या कोपऱ्यात तुझ्यासारखीच वाकून उभी होती, चढाईला आलेल्या पोराच्या तोंडाकडे न बघता नुसती त्याच्या घोट्याकडे बघत. मी रिक्षा थांबवली. पॅसेंजर ओरडायला लागले तेव्हा निघालो.

आता स्टँडचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तुला आमचा 'कबड्डी कट्टा' ग्रुप ठाऊक आहे. तू त्याला बिनकामाच्या लोकांचं मंत्रालय म्हणायचीस. अंजूर फाट्याला रिक्षाचा नंबर लागेपर्यंत दुसरं करायचं काय? कोणत्या कॉलेजचा रेडर कुणी उचलला, कुणाची फी माफ झाली, कोणते सर कुणाच्या घरी पेढे घेऊन जाऊन आले, कोणता कॉर्नर कोणाशी भांडून बसलाय, हे आम्हाला त्या त्या पोरांच्या आईबापाआधी माहीत असतं. भूपेशचा मेहुणा एका कॉलेजच्या जिमखान्यात शिपाई आहे, तर भूपेश स्वतःला निवड समितीच समजतो. "आतली खबर हाय, फुटू देऊ नको," म्हणायचं आणि चारी ग्रुपवर स्वतःच टाकायची. मी त्यातला सगळ्यात मोठा बोलबच्चन, कारण माझी पोर स्वतः खेळत होती. बाकीचे नुसते बोलत होते, माझ्या घरात खेळाडू होती. तू भिवंडीच्या कॉलेजातून पहिल्या वर्षी खेळलीस आणि झोनच्या सेमीफायनलला त्या राज्य खेळलेल्या मुलीला घोट्यात धरून खाली बसवलंस, तेव्हापासून माझ्या चहाचे पैसे स्टँडवर कुणी घेत नव्हतं. मला ते फार आवडायचं, दिना. पोरीच्या जिवावर फुकटचा चहा, पण त्याची चव काही वेगळीच लागते.

मग गेल्या मे महिन्यात खाडीपलीकडच्या त्या मोठ्या कॉलेजचे सर आपल्या घरी आले. पांढरी गाडी आपल्या गल्लीत शिरेना म्हणून त्यांना माझ्याच रिक्षातून दारापर्यंत आणलं, आणि आणताना मुद्दाम स्टँडवरून आणलं. हॉस्टेल, फी माफ, बूट, किट, खुराकाला अंडी-दूध, आणि खेळायला मॅट. तू मातीवर शिकलेली. मॅटचं नाव ऐकल्यावर तुझे डोळे लकाकले होते, ते मी बघितलं. पण ते गेल्यावर तू म्हणालीस, "पप्पा, दिपाली मॅडमना काय सांगू?" तुला जायचं नव्हतं असं नाही, पण राहायचंच जास्त होतं. भिवंडीच्या कॉलेजात दिपाली मॅडमनी तुला शून्यापासून उभं केलं होतं. त्यांच्याकडे मॅट नव्हती, गाडी नव्हती, स्वतःच्या स्कूटीवर तुम्हा दोघी-दोघींना बसवून मैदानावर न्यायच्या. आईसुद्धा म्हणाली, एक वर्ष थांबू, पोर अजून कोवळी आहे. तुम्ही दोघी एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. त्या वेळी मी तुम्हाला काय सांगून गप्प केलं ते आठवतं ना? झोन बदलणार आहेत.

त्या झोनच्या भानगडीने आम्हा सगळ्यांचं डोकं फिरलं होतं. विद्यापीठाच्या स्पर्धांचे झोन नव्याने पाडणार अशी हवा होती. कुणी म्हणे ठाण्याचे दोन तुकडे होणार, कुणी म्हणे ग्रामीण कॉलेजांचा झोन वेगळा काढणार. जे खेळत नाहीत त्यांचीच झोप उडाली होती. त्यात बातमी आली की भिवंडीची सगळी कॉलेजं पालघरच्या झोनला जोडणार, सामने तिकडे कुठेतरी लांब होणार, आणि निवड समिती काही तिकडे फिरकणार नाही. म्हणजे भिवंडीत राहिलं ते पोरगं कुजलं. ही बातमी मला कल्याणच्या एका ग्रुपवरून आली, तिथल्या माणसाने 'शंभर टक्के पक्की' असं लिहिलं होतं. मी तो फोन तुझ्या आणि आईच्या पुढ्यात धरला. म्हटलं, बघा, आता बोला. तू वाचलंस आणि फोन मला परत दिलास. दुसऱ्या दिवशी तू दिपाली मॅडमना भेटायला गेलीस आणि आलीस ती सरळ झोपलीस.

मॅडम मागाहून आपल्या घरी आल्या होत्या, तू क्लासला गेली होतीस. हे तुला मी कधी सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की झोनची बातमी तुम्हाला कुणी दिली, विद्यापीठाचा काही कागद आमच्याकडे आलेला नाही. मी त्यांना आत या म्हटलं नाही. ओट्यावर उभं ठेवून म्हणालो की तुमची स्वतःची टीम मोडेल म्हणून तुम्ही माझ्या पोरीचं नशीब अडवताय. आई आतून चहा घेऊन आली तोवर त्यांनी स्कूटी चालू केली होती. आईने तो चहा मोरीत ओतला, आणि मला वाटलं की तिला खेळातलं कळत नाही.

झोन काही बदलले नाहीत भिवंडीचे. ते तुला माझ्याआधी कळलं. बदलला तो तुझ्या नव्या कॉलेजचा झोन, आणि त्यात समोर आल्या त्या शहरातल्या तगड्या टीम. मग तिथल्या सरांनी बाहेरून तयार मुली आणल्या आणि तुझ्या जागी दुसरी कॉर्नर उभी राहिली. हा भाग मला आता भाविकाकडून कळला. तेव्हा मला कळली ती दुसरीच गोष्ट. गणपतीच्या सुमाराला स्टँडवर झोनचा विषय निघाला तेव्हा मी कपाळावर हात मारून म्हणालो की त्या कल्याणवाल्याने मला फसवलं. भूपेश हसत सुटला. म्हणाला, "अरं येड्या, ती तुझीच बातमी व्हती! तूच इथं बोल्ला, भिवंडीला पालघरला ढकलतील म्हून. मीच टाकली ग्रुपवर." मला पहिल्यांदा खरं वाटेना. मग आठवलं. उन्हाळ्यात दुपारी पॅसेंजर नव्हते, बोलायला विषय नव्हता, आणि मी तंबाखू मळता मळता सहज अंदाज बांधला होता. तो भूपेशने उचलला, मेहुण्याने पुढे ढकलला, कल्याणला जाऊन तो शंभर टक्के पक्का झाला आणि माझ्याच फोनवर परत आला. त्याच्यावर मी माझ्या मुलीचं कॉलेज बदललं. सगळे पोट धरून हसत होते आणि मीही हसलो, कारण तिथे दुसरं काय करणार होतो?

पण तोवर फ्लेक्स लागला होता. 'अंजूरची वाघीण' असं मीच छापायला सांगितलं होतं, तुझा तो दहावीचा फोटो कापून. विहारात सत्कार झाला होता, तुझ्या नावाआधी लोक माझंच नाव घेत होते. त्यामुळे सप्टेंबरात तुझ्या कॉलेजच्या टीमचा फोटो ग्रुपवर आला आणि त्यात तू नव्हतीस, तेव्हा मी तुला विचारण्याआधी स्टँडला उत्तर दिलं. सांगितलं, खांद्याला जरा लागलंय, सर तिला मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवतायत. आणि मग संध्याकाळी तुला फोन करून हेच विचारलं. आठव, मी कसं विचारलं. टीममध्ये का नाहीस, असं नव्हतं विचारलं. म्हटलं, "खांदा दुखतोय ना गं? राखून ठेवलंय ना तुला?" तू म्हणालीस, "हो पप्पा." तू खोटं बोलली नाहीस, दिना. खोटं मी बोललो, तू फक्त माझ्या खोट्याला हो म्हणालीस, कारण नाही म्हटलं असतंस तर पप्पाचं तोंड स्टँडवर कुठे लपवायचं असा प्रश्न तुला पडला असता. एकोणीस वर्षांच्या पोरीने बापाची इज्जत सांभाळायची आणि बापाने तिचा खांदासुद्धा बघायला जायचं नाही. मी एकदाही आलो नाही. कारण मला वाटतं आतून ठाऊक होतं, आणि आलो असतो तर नक्की झालं असतं.

मग मी तुझ्याबद्दल दर आठवड्याला नवीन काहीतरी उठवायला लागलो. दिनाला दुसऱ्या एका कॉलेजने विचारलंय. दिनाकडे एका बँकेच्या टीमचं लक्ष आहे. हे बोलताना मला खोटं बोलतोय असं वाटायचं नाही, कारण कट्ट्यावर सगळेच असं बोलतात. फक्त बाकीचे दुसऱ्यांच्या पोरांबद्दल बोलतात. आई एकदा म्हणाली, दिवाळीला पोर दोनच दिवस राहिली, किती वाळली आहे, बोटांना चिकटपट्टीने कापल्यासारखे ओरखडे आहेत. मी म्हणालो, मॅटवर घासतं. मॅटवर कोपर घासतं, गुडघा घासतो. बोटं घासत नाहीत, हे मला कळत होतं.

आता गेल्या रविवारचं. वडप्याच्या पलीकडे गावची मोठी ओपन स्पर्धा होती, दिवसभर खेळ, रात्री बक्षिसं. भूपेश, दाजी आणि स्टँडचे अजून दोघे माझ्याच रिक्षातून गेलो. येताना संध्याकाळी वडपे नाक्याला चहाला थांबलो. चर्चा नेहमीचीच, पुढच्या वर्षी कोण कुठे जाणार, आणि मध्येच भूपेश म्हणाला की तुझ्या दिनाचं काय, ती परत मैदानात कधी उतरणार. मी तोंड उघडून सुरुवात केली होती की अमुक अमुक सरांचा फोन आला होता. तेवढ्यात समोरच्या गोडाऊनची शिफ्ट सुटली. गेटमधून पोरी बाहेर आल्या, सगळ्यांच्या अंगात ती केशरी जाळीदार जाकिटं आणि गळ्यात ओळखपत्रं, आणि त्यात तू. केस बांधलेले, हातात डबा, शेजारच्या मुलीच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होतीस. मला आधी बरं वाटलं, खरं सांगतो. बऱ्याच दिवसांनी तुला हसताना बघितलं. मग समजलं की मी काय बघतोय. बाकीचं भाविकाला मी दुसऱ्या दिवशी गाठून, अक्षरशः हात जोडून विचारलं, तिच्यावर रागावू नको. टीममधून काढल्यावर हॉस्टेल सुटलं, खोली घेऊन तिघी राहता, कॉलेजात नाव चालू ठेवलंस, परीक्षेचा फॉर्म भरलास, रोज पॅकिंगला उभी राहतेस. घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतीस आणि घरी आली नाहीस. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही, तिने फक्त विचारलं की पोर घरी का आली नाही.

दिना, हे पत्र त्या रविवारी पुढे जे झालं त्यासाठी लिहितोय. तू रस्ता ओलांडून आमच्याच बाजूला आलीस. भूपेशने मान वर केली आणि म्हणाला, "अरं, ती आपली दिना न्हाय का?" मी तुझ्याकडे पाठ केली आणि म्हणालो, "न्हाय रं. माझी पोर हॉस्टेलला हाय." मोठ्याने म्हणालो, दाजीलाही ऐकू जाईल असं. तू टपरीच्या जवळूनच गेलीस. मी वळून बघितलं तेव्हा तू ओढणी तोंडावर ओढून घेतली होतीस आणि सोबतच्या मुलींना मागे टाकून भराभरा पुढे चालली होतीस. तू ऐकलंस का, हे मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत नाही, पण तुझी चाल मला सांगते की ऐकलंस. मला तुझी लाज वाटली नाही, बाळा. मला माझी लाज वाटली, आणि ती झाकायला तुला परकी केली. काल स्टँडवर सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की ती दिनाच होती, ती गोडाऊनला कामाला आहे, आणि आतापर्यंतच्या सगळ्या बातम्या माझ्या होत्या. कुणी हसलं नाही, त्याचा जास्त त्रास झाला. दिपाली मॅडमकडेही जाऊन आलो. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, खेळाचं जूनमध्ये बघू, आधी मुलगी जेवते का ते बघा. मी ते कधीच विचारलं नव्हतं. येत्या रविवारी शिफ्ट सुटेल तेव्हा मी तुझ्या गेटसमोर रिक्षा लावून उभा असेन, भूपेश आणि दाजीसुद्धा टपरीवर असतील, त्यांच्यादेखतच उभा राहणार आहे. घरी यायचं असलं तर ये. नुसतं खोलीवर सोड म्हणालीस तर खोलीवर सोडेन, एक शब्द विचारणार नाही. आणि तुझ्या सोबतच्या मुलींनी विचारलं, की तो रिक्षावाला तुझ्याकडे का बघतोय, तुझा कोण लागतो, तर तुला वाटेल ते उत्तर दे. कुणी नाही म्हणालीस तरी मी ऐकून घेईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत येईन.

तुझाच,
पप्पा